रणगाड्यावरचा चिखल

पटावरच्या युद्धाचा छंद ज्यांनी अंगीकारला आहे, आणि 1:72 या प्रमाणातला आपला पहिला रणगाडा रंगविण्यासाठी ज्यांनी नुकताच ब्रश हाती घेतला आहे, त्यांच्याकरिता माझ्या हातून घडलेल्या तीन चुकांचा हा जबाब मी लिहीत आहे. त्या चुकांपायी एक प्रतिकृती वाया गेली, परंतु त्यांतून जे उमगले ते तरी इतरांच्या कामी यावे, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे.

16 डिसेंबर 1971 रोजी बसंतर नदीपाशी झालेली रणगाड्यांची लढाई पटावर मांडण्याचा आमचा बेत होता. पुण्याचे नाव धारण करणारा, 1817 साली उभारलेला पूना हॉर्स हा रिसाला त्या लढाईत होता. आणि पुण्यातच जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियन रणगाड्यातून लढता लढता, वयाच्या अवघ्या 21 व्या वर्षी धारातीर्थी पडले व मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी ठरले. अशा रणगाड्याची प्रतिकृती यथातथ्य व्हावी ही जबाबदारी मला सामान्य वाटत नव्हती, आणि तरीही मी घाई केली.

पहिला कसूर क्रमाचा. इनॅमल रंगाचा हिरवा थर देऊन एक रात्रही नीट सरली नव्हती, तोच खाचाखोचांत सावली उतरावी म्हणून तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून मी त्यावर फिरविला. इनॅमल टर्पेंटाइनमध्ये विरघळते हे मला ठाऊक होते, पण ध्यानात राहिले नाही. परिणामी मूळ रंगच सुटून आला आणि कडांवर उघडे प्लास्टिक दिसू लागले. म्हणून शिरस्ता असा ठेवावा: सुटे भाग साबणाच्या पाण्याने धुऊन प्रायमर, मग मूळ रंग, तो पुरता वाळल्यावर अॅक्रिलिकचे चकचकीत व्हार्निश, त्यावर डिकॅल म्हणजे चिकटवायची चिन्हे, आणि मगच हा पातळ रंगाचा वॉश. चकचकीत पृष्ठावर वॉश आपण होऊन खाचेत धावतो. मॅट पृष्ठावर मात्र तो जागच्या जागी मुरून डाग पाडतो.

दुसरा कसूर ऋतूचा. बिघडलेले काम कसेबसे सावरून, ऐन आषाढात, खिडकीबाहेर झड लागलेली असताना, मी मॅट व्हार्निशचा फवारा मारला, आणि काही मिनिटांत सारा रणगाडा राखेने माखल्यासारखा पांढुरका झाला. फवाऱ्यातले द्रावक झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतली वाफ ओल्या थरात अडकते, हे त्याचे कारण. कोकणात व घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी पावसाळ्यात फवारा वापरूच नये, ब्रशने लावायचे व्हार्निश घ्यावे. आणि कोरड्या दिवसांतही डबा चांगला हलवून आधी टाकाऊ प्लास्टिकच्या तुकड्यावर परीक्षा करावी.

तिसरा कसूर सर्वांत मोठा, कारण तो हाताचा नसून विचाराचा होता. रणगाडा जुना दिसावा म्हणून मी त्यावर सर्वत्र नारिंगी गंज चढविला होता. पुढे अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयात जाऊन आलो. पण प्रदर्शनासाठी निगुतीने रंगवून ठेवलेल्या रणगाड्यांवर रणभूमीचा मळ कुठून दिसणार? तो पाठ मला उसाच्या फडातून निघालेल्या ट्रॅक्टरने दिला. चाकांपाशी ओला, गडद चिखल. त्याच्या वर वाळून फिकट झालेला. माथ्यावर नुसती धूळ. पाय ठेवण्याच्या जागी रंग झिजून उघडा पडलेला धातू. आणि डिझेल भरण्याच्या तोंडाखाली काळसर ओघळ. गंज होता तो बहुतांशी तापणाऱ्या सायलेन्सरवर. सेंच्युरियनचे सायलेन्सर मागील बाजूस, पट्ट्यांवरच्या पत्र्यांवर असतात. गंजाची जागा ती. पट्ट्यांचा जमिनीला घासणारा भाग गंजत नाही, उलट उजळतो. रंगाचे टवके स्पंजच्या तुकड्याने, सैनिक चढतात-उतरतात तेथेच, आणि तेही मोजके उमटवावेत.

खेळासाठीच्या प्रतिकृतीबाबत आणखी दोन गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. ती हातभर अंतरावरून पाहिली जाते आणि लहान वस्तू अधिक गडद भासते. यास्तव मूळ रंग खऱ्यापेक्षा किंचित उजळ घ्यावा. शिवाय ती खेळणाऱ्यांच्या हाती वारंवार पडते, म्हणून अखेरचे मॅट व्हार्निश टाळता येत नाही. पण त्याखाली धुळीची कोरडी पूड गडद होऊन जवळजवळ दिसेनाशी होते. सबब धूळ व चिखल शक्यतो रंगानेच काढावेत, पुडीवर फार विसंबू नये.

दुसरा सेंच्युरियन मी तीन आठवडे घेऊन रंगविला, आणि तो आजही पटावर आहे. आपणांस माझी कळकळीची विनंती एवढीच की, खालचा थर पुरता वाळल्यावाचून वरचा चढवू नका, आणि रणगाड्यावर मळाचा एकही ठिपका, तो तेथे का पडला असेल हे स्वतःला विचारल्यावाचून, ठेवू नका.