बहुमत होते, मग अडले कुठे?

प्रश्न : ब्रिटनच्या जनतेने 2016 मध्ये युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. सरकारला तो मान्य होता, मुख्य विरोधी पक्षही तो मानू म्हणत होता. तरीही पंतप्रधान थेरेसा मे यांनी केलेला करार संसदेने तीन वेळा का फेटाळला? आणि आपल्या मालवणकडच्या वराडकरांचे नाव या वादात सारखे का येत होते?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : कौल बाहेर पडण्याला होता, कसे बाहेर पडायचे याला नव्हता. सगळे घोडे तिथेच अडले.

23 जून 2016 च्या सार्वमतात मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते : महासंघात राहायचे की बाहेर पडायचे. 51.9 टक्के मतदारांनी बाहेर पडा म्हटले, 48.1 टक्क्यांनी राहा म्हटले. बाहेर पडल्यावर युरोपशी व्यापार कसा करायचा, हे कोणी विचारलेच नव्हते. आपल्याकडे सोसायटीच्या पुनर्विकासाचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो आणि मग बिल्डर कोणता, जागा किती वाढवून मिळणार, यावर वर्षानुवर्षे बैठका चालतात, तशातली गत झाली. कोणाला नॉर्वेसारखे महासंघाबाहेर राहूनही त्याच्या बाजारपेठेत राहायचे होते, कोणाला कॅनडासारखा नुसता व्यापार करार हवा होता, तर कोणी करार नसला तरी चालेल म्हणत होते. हे सगळे ‘बाहेर पडा’च्याच छत्रीखाली उभे होते.

त्यात घड्याळही सुरू झाले. लिस्बन कराराच्या 50 व्या कलमानुसार बाहेर पडण्याची नोटीस दिली की दोन वर्षांची मुदत लागते. ब्रिटनने 29 मार्च 2017 रोजी नोटीस दिली. मुदतीत करार झाला नाही तर कराराविनाच बाहेर, आणि मुदतवाढ हवी तर उरलेल्या सर्व 27 देशांची संमती लागणार. नोटीस देऊन झाल्यावर मे यांनी मुदतपूर्व निवडणूक घेतली आणि हातातले बहुमत घालवले. उत्तर आयर्लंडमधल्या डीयूपी या पक्षाच्या दहा खासदारांच्या टेकूवर त्यांचे सरकार उभे राहिले. नेमक्या त्याच उत्तर आयर्लंडच्या सीमेवर पुढे करार अडकला.

ही सीमा सुमारे पाचशे किलोमीटरची. दोनशेहून अधिक रस्ते ती ओलांडतात. गाडी चालवताना सीमा कधी मागे पडली ते कळतसुद्धा नाही. वेगमर्यादेची पाटी मैलांवरून किलोमीटरवर आली, म्हणजे आपण ब्रिटनमधून आयर्लंडच्या प्रजासत्ताकात शिरलो असे समजायचे. उत्तरेतल्या गोठ्यांमधले बरेचसे दूध दक्षिणेतल्या डेअऱ्यांमध्ये प्रक्रियेला जाते. ही मोकळीक फुकट मिळालेली नाही. तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली, तेव्हा कुठे 1998 चा गुड फ्रायडे करार झाला आणि सीमेवरचे लष्करी बुरूज उतरले.

आता पेच पाहा. ब्रिटनला महासंघाची बाजारपेठ आणि जकात व्यवस्था दोन्ही सोडायच्या होत्या. म्हणजे मालाची तपासणी कुठेतरी होणारच. ती आयर्लंडच्या जमिनीवर करायची नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य होते. मग ती समुद्रात, म्हणजे ग्रेट ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये करावी, तर डीयूपी म्हणणार की तुम्ही आम्हाला आमच्याच देशापासून तोडता. तिन्ही अटी एकदम पाळणे शक्यच नव्हते. मे यांनी तोडगा काढला, त्याला ‘बॅकस्टॉप’ म्हणत : दुसरी काही व्यवस्था सापडेपर्यंत सगळे ब्रिटन महासंघाच्या जकात क्षेत्रात राहील, उत्तर आयर्लंड काही जादा नियमही पाळेल आणि यातून ब्रिटनला एकतर्फी बाहेर पडता येणार नाही.

15 जानेवारी 2019 रोजी हा करार मताला आला. कॉमन्स सभागृहात मतदान बटण दाबून होत नाही. घंटा वाजते आणि बाजूचे व विरोधातले खासदार आपापल्या दालनातून चालत जातात, दाराशी शिरगणती होते. मजूर पक्षाच्या ट्युलिप सिद्दिक यांनी त्या मतासाठी आपले सिझेरियन पुढे ढकलले आणि चाकांच्या खुर्चीत बसून त्या मत द्यायला आल्या. (बाळंतपणाच्या रजेवरील खासदारांना दुसऱ्यामार्फत मत देण्याची सोय त्यानंतर त्याच महिन्यात झाली.) निकाल लागला : बाजूने 202, विरोधात 432. आधुनिक काळात कुठल्याच ब्रिटिश सरकारचा एवढा मोठा पराभव झाला नव्हता. विरोधकांमध्ये 118 जण मे यांच्याच हुजूर पक्षाचे होते.

या 432 जणांचे आपापसात मात्र मुळीच पटत नव्हते. करार फारच मवाळ म्हणून काहींनी तो पाडला, फारच कडक म्हणून काहींनी, दुसरे सार्वमत हवे म्हणून काहींनी. 12 मार्चला 149 मतांनी आणि 29 मार्चला 58 मतांनी तो पुन्हा पडला. मधल्या काळात, 27 मार्चला, खासदारांनी स्वतःच आठ पर्याय मताला टाकले. आठही पडले. 1 एप्रिलला त्यातले निवडक चार पुन्हा घेतले, तेही पडले. जकात संघात राहण्याचा पर्याय तर 273 विरुद्ध 276, अवघ्या तीन मतांनी हरला. म्हणजे ‘नको’ला दर वेळी बहुमत आणि ‘हवे’ला एकदाही नाही.

आता वराडकरांविषयी. लिओ वराडकर त्या काळात आयर्लंडचे पंतप्रधान होते. त्यांचे वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. जमिनीवर तपासणी नको हा आयर्लंडचा आग्रह त्यांनी सोडला नाही आणि उरलेले 26 देश त्यांच्या पाठीशी राहिले. मुदत वाढत गेली, मे गेल्या, बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले. 10 ऑक्टोबर 2019 रोजी वायव्य इंग्लंडमध्ये जॉन्सन आणि वराडकर भेटले आणि कोंडी फुटली. तपासणी समुद्रात करायचे ठरले. याच जॉन्सन यांनी वर्षभरापूर्वी डीयूपीच्या अधिवेशनात जाऊन तशा व्यवस्थेला कडाडून विरोध केला होता! डिसेंबरच्या निवडणुकीत त्यांना 80 जागांचे बहुमत मिळाले, डीयूपीची गरज संपली आणि 31 जानेवारी 2020 रोजी ब्रिटन बाहेर पडले. त्याच्या महिनाभर आधी वराडकर आपल्या वराड गावी येऊन गेले होते, हे आपण वाचलेच असेल.

खासदार हटवादी होते, असे म्हणून या प्रकरणाचा निकाल लावणे सोपे आहे. माझ्या मते दोष मूळ प्रश्नात होता. न्यूझीलंडने त्याच सुमारास राष्ट्रध्वज बदलण्यावर सार्वमत घेतले, तेव्हा आधी लोकांकडून पर्यायी झेंडा निवडून घेतला आणि मार्च 2016 मध्ये दुसऱ्या फेरीत जुना की नवा, असे विचारले. लोकांनी जुना ठेवला आणि विषय मिटला. ब्रिटनने झेंड्याइतकीही काळजी घेतली नाही.