आजचे चिंतन : गीता, अध्याय 11, श्लोक 41-42



विश्वरूप पाहिल्यावर अर्जुन चक्क माफी मागतो. खेळताना, जेवताना, चारचौघांत कृष्णाला बरोबरीचा समजून अरे-तुरे केलं, थट्टा केली, याची.

मला हॉस्टेलचा रूममेट आठवला. थर्ड इयरला बाबा आयसीयूत होते. सबमिशन सोडून हा पठ्ठ्या चार रात्री बाहेरच्या बाकावर बसून होता. आईला जबरदस्तीने जेवायला लावायचा. मी त्याला अजूनही शिवीनेच हाक मारतो (तोही मला!). थँक्स मात्र कधीच म्हटलं नाही.

गंमत बघा, माफीनंतर कृष्ण दूर जात नाही. पुन्हा ओळखीच्या, सौम्य रूपात येतो. अर्जुनाला सखा परत मिळतो.

आई दिवाळीत त्याचा फराळाचा डबा वेगळा भरते. मीच मागे राहिलोय. आज रात्री फोन करतो.