कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या
(सैनिक, माजी सैनिक आणि आपला धर्मग्राम)



कन्हान नदीचा पूल ओलांडला की कामठी. १८२१ साली वसलेली ही लष्करी छावणी आपल्या इतकी जवळ आहे की गणवेशातला जवान आपल्याला बाजारात, बसमध्ये, रेल्वे स्टेशनवर सहज दिसतो. पण जे रोज दिसते त्याकडे आपले लक्ष राहत नाही. येत्या ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. त्या निमित्ताने आज आपण एका साध्या प्रश्नावर विचार करू या. सैनिकांचा सन्मान करायचा म्हणजे नेमके काय करायचे?

हा प्रश्न मला एका मावशींमुळे पडला. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तिथे प्रजासत्ताक दिनी माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, टाळ्या, सर्व काही नीट पार पडले. मीही मंचावर होतो आणि त्यागावर दहा मिनिटे बोललो. कार्यक्रम संपल्यावर या मावशी माझ्याकडे आल्या. खांद्यावर सत्काराची शाल आणि हातात कागदांनी भरलेली कापडी पिशवी. त्या म्हणाल्या, "फादर, शाल तर ही तिसरी आहे. पेन्शनचं तेवढं पाहता का?"

त्यांचे पती सैन्यातून निवृत्त झालेले होते. ते वारले तेव्हापासून कुटुंब निवृत्तिवेतन अडकले होते. कारण एवढेच की सैन्याच्या नोंदीत मावशींचे नाव एक होते आणि आधार कार्डावर दुसरे. ती पिशवी त्या कार्यक्रमभर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आम्ही त्यांना शाल दिली, पण पिशवीत काय आहे हे कोणीच विचारले नाही. मीही नाही.

संत थॉमस अक्वायनस हे तेराव्या शतकातील धर्मसभेचे थोर आचार्य. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मी त्यांचा कृतज्ञतेवरील भाग वाचला होता, परीक्षेतही लिहिला होता. त्याचा अर्थ मला त्या दिवशी उमगला. 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथात ते सांगतात की कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, आपल्याला जे मिळाले ते ओळखणे. दुसरी, आभार मानणे. तिसरी, योग्य वेळी, योग्य जागी आणि आपल्या ऐपतीप्रमाणे त्याची परतफेड करणे. या तीन पायऱ्या एकेक करून पाहू या.

पहिली पायरी : ओळखणे

कामठीला 'ब्रिगेड ऑफ द गार्ड्स' या रेजिमेंटचे केंद्र आहे. १९४९ साली जनरल करिअप्पा यांच्या पुढाकाराने ही रेजिमेंट उभी राहिली. त्यापूर्वी पायदळातील बहुतेक रेजिमेंट जात किंवा प्रांत यांच्या आधारावर बांधलेल्या असत. या रेजिमेंटमध्ये मात्र देशाच्या सर्व भागांतील, सर्व जातिधर्मांचे जवान एकत्र घेण्यात आले.

याच रेजिमेंटच्या १४व्या बटालियनमध्ये लान्स नायक अल्बर्ट एक्का होते. त्यांचा जन्म आजच्या झारखंडमधील गुमला जिल्ह्यातल्या जारी या गावी, एका ख्रिस्ती आदिवासी उरांव कुटुंबात झाला. ३ डिसेंबर १९७१ रोजी, आगरतळ्याच्या सीमेपलीकडे गंगासागर येथील लढाईत, शत्रूच्या मशीनगनमुळे त्यांच्या तुकडीची वाट अडली होती. अल्बर्ट यांनी आधी एका बंकरवर धाव घेऊन ती मशीनगन बंद पाडली. पुढे एका पक्क्या इमारतीतून दुसरी मशीनगन सुरू झाली. तोवर ते जबर जखमी झाले होते. तरी सरपटत पुढे जाऊन त्यांनी हातबॉम्ब टाकला, भिंत चढून आत शिरले आणि ती मशीनगनही बंद केली. त्या जखमांनी त्यांना मरण आले. तिसावे वर्षही त्यांनी पाहिले नाही. मरणोत्तर परमवीर चक्राने त्यांचा गौरव झाला. १९७१च्या युद्धात पूर्व आघाडीवर मिळालेले हे एकमेव परमवीर चक्र होय.

त्यांचे दफन त्रिपुरात, आगरतळ्याजवळ झाले. घरी पत्नी बलमदिना होत्या आणि लहान मुलगा होता. पतीच्या दफनभूमीची माती आपल्या गावी यावी ही त्यांची इच्छा पूर्ण व्हायला चार दशकांहून अधिक काळ गेला.

ओळखणे म्हणजे केवळ नाव पाठ करणे नव्हे. वीराच्या मागे एक घर असते आणि ते घर पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगत राहते, हे ध्यानात घेणे म्हणजे ओळखणे. आपल्या धर्मग्रामात किती घरांतून कोणी सैन्यात गेले, कोणते आजोबा माजी सैनिक आहेत, कोणती भगिनी सैनिकाची विधवा आहे, याची यादी आपल्याकडे आहे का? मी शोधली. नाही.

दुसरी पायरी : आभार मानणे

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण मारले गेले. त्यांचे स्मारक गावात आहे आणि आजही तिथल्या घराघरांतून मुले सैन्यात जातात. त्या गावाने मृतांची आठवण एखाद्या दिवसापुरती ठेवली नाही. ती गावाच्या नावातच जोडली गेली.

देशाच्या पातळीवर आभाराचा असाच एक मार्ग म्हणजे ध्वजदिन. १९४९ साली ठरवण्यात आले की दरवर्षी ७ डिसेंबरला छोटे ध्वज वाटून लोकांकडून निधी गोळा करायचा. ध्वजावरील लाल, गडद निळा आणि फिका निळा हे रंग भूदल, नौदल आणि हवाई दलाचे. युद्धात मरण पावलेल्यांची कुटुंबे व अपंग झालेले जवान यांचे पुनर्वसन, सेवेतील सैनिक व त्यांच्या कुटुंबांचे कल्याण आणि माजी सैनिकांचे पुनर्वसन या तीन कामांसाठी हा निधी आहे. महाराष्ट्रात हे काम सैनिक कल्याण विभाग आणि प्रत्येक जिल्ह्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पाहते. आपले कार्यालय नागपूरला आहे. शाळेतील मुले डबे घेऊन येतात तेव्हा आपण सुट्टे पैसे शोधतो. तो पैसा कुठे जातो हे माहीत असेल तर हात जरा अधिक मोकळा होईल.

१४ जानेवारी हा माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो. पुढे फील्ड मार्शल झालेले करिअप्पा १९५३ साली याच दिवशी सैन्यातून निवृत्त झाले होते.

हे सर्व चांगलेच आहे. सत्कार करू नये असे मी म्हणत नाही. पण दुसऱ्या पायरीवर एक धोका आहे. तिथे टाळ्या मिळतात, फोटो निघतो आणि आपण वर पोहोचलो असे वाटू लागते. वास्तविक अजून एक पायरी शिल्लक असते.

तिसरी पायरी : परतफेड

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले बॉक्सर. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. भारताचे हे पॅरालिम्पिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्ण. या वाटेवर अपंगांसाठी काम करणारे क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेचा त्यांना आधार होता. पदक पेटकरांचेच आहे, पण परदेशी स्पर्धेपर्यंत पोहोचायला अशा माणसांची मदत लागते. त्यांची नावे पदकावर कोरली जात नाहीत.

दुसरे उदाहरण पुण्याचे आहे. शिक्षिका सुमेधा चिथडे आणि हवाई दलातून निवृत्त झालेले त्यांचे पती योगेश चिथडे यांनी ऐकले की सियाचीनच्या विरळ हवेत जवानांना प्राणवायूची फार गरज असते. त्यांनी सुरुवात घरातले दागिने विकून केली. मग गावोगावी जाऊन लोकांना सांगितले. अनेकांनी आपापल्या परीने दिले आणि २०१९ साली तिथे प्राणवायू तयार करणारा प्रकल्प उभा राहिला. या दांपत्याने आपल्याला काय द्यायला आवडेल असे विचारले नाही. त्यांना काय हवे आहे, असे विचारले. तिसऱ्या पायरीची हीच खूण आहे.

आता त्या मावशींकडे परत येतो. त्यांच्या पिशवीतले कागद पाहायला आमच्या धर्मग्रामातले एक निवृत्त हेडक्लार्क बसले. कॉलेजमधला एक मुलगा संगणकाचे काम करायला तयार झाला. मी धर्मग्रामाची जुनी विवाह नोंदवही काढली. तिच्यात मावशींचे माहेरचे नाव, सासरचे नाव, लग्नाची तारीख आणि साक्षीदार, सर्व स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते. त्या नोंदीचा दाखला, एक प्रतिज्ञापत्र, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चार-पाच खेपा, एवढे लागले. आठ महिन्यांनी पेन्शन सुरू झाले. कोणी टाळी वाजवली नाही. मावशी त्या रविवारी मिस्सानंतर आल्या आणि हेडक्लार्कांच्या हातात घरच्या केळीचा फणा ठेवून गेल्या.

एक शंका

कोणी विचारेल, "फादर, ख्रिस्त शांतीचा राजा. मग सैनिकांचा सन्मान म्हणजे युद्धाचे कौतुक नव्हे का?" शंका योग्य आहे. योहान बाप्तिस्ताकडे सैनिक आले तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. कोणाला लुबाडू नका, पगारात समाधानी राहा, असे सांगितले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने युद्धाच्या क्रूरतेबद्दल स्पष्ट इशारा दिला आणि त्याच दस्तऐवजात हेही सांगितले की कर्तव्य नीट पार पाडणारा सैनिक शांती राखायला खरा हातभार लावतो. आपण सन्मान करतो तो माणसाचा, मारण्याचा नव्हे. युद्धाची किंमत काय असते हे जखमी जवानाला आणि त्याच्या विधवेला जितके ठाऊक असते तितके घोषणा देणाऱ्याला नसते. म्हणून त्यांची सेवा करणारा धर्मग्राम शांतीसाठी अधिक मनापासून प्रार्थना करील.

आणि एक गोष्ट विसरू नका. प्रत्येक मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण आपल्या अपात्रतेची जी प्रार्थना म्हणतो, ती मुळात कफर्णहूम येथील एका शताधिपतीच्या तोंडची आहे. तो सैनिक होता आणि तो प्रभूकडे आला तो आपल्या आजारी चाकरासाठी.

आपण काय करू शकतो?

१. यादी : पुढील दोन रविवारी मिस्सानंतर दारापाशी एक वही ठेवली जाईल. सेवेतील सैनिक, माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांची नावे तिच्यात लिहावीत. शेजारी इतर धर्माचे असले तरी त्यांचीही लिहावीत.

२. हयातीचा दाखला : प्रत्येक पेन्शनधारकाला वर्षातून एकदा हा दाखला द्यावा लागतो. तो राहिला तर पेन्शन थांबते. आता सैनिकी पेन्शन 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेतून मिळते आणि 'जीवन प्रमाण'द्वारे दाखला मोबाईलवरूनही देता येतो. नातवाला हे पाच मिनिटांचे काम आहे. पण घरी नातू नसलेल्या ऐंशी वर्षांच्या आजीला तो डोंगर वाटतो. आपल्या युवकांनी हे काम हाती घ्यावे.

३. नोंदी : बाप्तिस्मा किंवा विवाह यांच्या दाखल्यासाठी कोणतीही सैनिक-विधवा आली तर कार्यालयाची वेळ पाहू नये. मला बोलवावे.

४. सोबत : माजी सैनिकांसाठी ई.सी.एच.एस. ही आरोग्य योजना २००३ पासून आहे. २०२० साली राज्य शासनाने माजी सैनिक व सैनिक-विधवा यांना घरपट्टी माफीची योजनाही आणली. पण योजना कागदावर असते आणि अर्ज माणसाला करावा लागतो. दवाखान्यात किंवा नगर परिषदेत त्यांच्यासोबत जाणारे कोणी हवे आहे.

चिंतनासाठी प्रश्न (लहान ख्रिस्ती समूहांसाठी)

१. माझ्या गल्लीत कोणी माजी सैनिक किंवा सैनिकाची विधवा राहते का? त्यांच्या घरी मी शेवटचा कधी गेलो?
२. तीन पायऱ्यांपैकी मी कोणत्या पायरीवर थांबलो आहे?
३. त्यांच्या पिशवीत काय आहे, हे मी कधी विचारले आहे का?

संत थॉमस सांगतात की परतफेड न करणे ही कृतघ्नता आहे, आभार न मानणे ही त्याहून मोठी, आणि मिळालेले विसरूनच जाणे ही सर्वांत मोठी. नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांची आठवण करतो. देशासाठी मरण पावलेल्या सर्वांच्या आत्म्यांना प्रभू चिरशांती देवो, सीमेवर असलेल्यांना सुखरूप घरी आणो, आणि त्यांच्या घरच्यांची कामे करण्यासाठी आपल्या हातांना सवड देवो.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू