खिशातला डाव आणि डोक्यावरचा डाव

संगणकावरील खेळांचा विषय वार्षिकांकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु गेल्या सत्रात मानसशास्त्राच्या पेपरात मला एटीकेटी लागली आणि तिच्या मुळाशी असाच एक खेळ होता. तेव्हा या विषयाचा थोडा अभ्यास करणे मला भागच पडले.

माझा रूम-पार्टनर ‘स्टीम’वरून खेळ विकत घेतो. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने २००३ साली सुरू केलेले हे संगणकावरचे दुकान. सवलतीच्या दिवसांत तेथे जुने मोठे खेळ फार स्वस्तात मिळतात. त्याच्या यादीत १४० खेळ आहेत, त्यांपैकी शेवटास गेलेले ९. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांहून कमी खेळून परत केल्यास पैसे मिळतात, असा तेथील नियम. त्याचे निम्मे खेळ दोन तासांच्या अलीकडेच थांबले आहेत, पण परत एकही केला नाही. “संपवायचेत रे,” एवढेच म्हणतो.

अभ्यासाच्या सुटीत तो लॅपटॉप माझ्या हवाली करून गावी गेला. मी ‘द विचर ३’ हा २०१५ सालचा पोलंडमध्ये तयार झालेला खेळ उघडला. मुख्य कथाच पन्नासेक तासांची; शिवाय वाटेतल्या प्रत्येक गावात कोणाचे ना कोणाचे काम अडलेले. एक काम उरकावे तो यादीत दोन नवी. पाचव्या रात्री माझ्या लक्षात आले की, मजा केव्हाच संपली आहे आणि मी केवळ यादी मिटवीत बसलो आहे. तरी उठलो नाही.

याउलट आमचे अण्णा. हंगामात उसाची गाडी घेऊन कारखान्याच्या वजनकाट्यासमोर रांगेत तासन्‌तास थांबतात आणि नोकिया ११०० वर सापाचा खेळ खेळतात. रांग हलली की साप गेला भिंतीवर! त्याची हळहळ अण्णांना झालेली मी कधी पाहिली नाही.

खिशातल्या खेळाचा जन्मच मुळी अशा रिकाम्या वेळेतून झाला. जपानच्या निन्तेन्दो कंपनीतील गुनपेई योकोई यांनी आगगाडीत कंटाळलेल्या एका प्रवाशाला गणकयंत्राची बटणे दाबीत बसलेला पाहिले, असे सांगतात. त्यातून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ आला आणि १९८९ साली चार पेन्सिल सेलवर चालणारा ‘गेम बॉय’. अमेरिकेत त्याच्यासोबतच दिला गेलेला ‘टेट्रिस’ अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोत रचला होता. त्याच्या नेहमीच्या डावाला जिंकणे नाही. ठोकळे वरपर्यंत साचले की डाव संपतो, आणि मागे काही उरत नाही.

एटीकेटीचा अभ्यास करताना ब्लूमा झायगार्निक यांचा १९२७ सालचा प्रयोग वाचनात आला. लोकांना वीसेक छोटी कामे दिली, काही मध्येच थांबवली. अर्धवट कामेच त्यांच्या अधिक लक्षात राहिली. पुढील प्रयोगांत हा निष्कर्ष दरवेळी मिळाला नाही, हे खरे. परंतु मारिया ओव्हसियांकिना यांना १९२८ साली आढळलेली गोष्ट मला अधिक पटते: काम थांबवले, तरी मोकळीक मिळताच माणसे आपण होऊन त्याकडे वळतात. मोठ्या खेळातली यादी याच ओढीवर जगते, असे मला वाटते.

मात्र छोटे यंत्र चांगले आणि मोठे वाईट, असे मला म्हणावयाचे नाही. ‘पोकेमॉन’ हा १९९६ चा लांबलचक खेळ गेम बॉयवरचाच. आणि २०२२ साली आलेल्या ‘स्टीम डेक’मुळे तर रूम-पार्टनरची ती सगळी यादी हातात धरून एसटीतही नेता येईल! फरक यंत्राच्या आकारात नसून, उठताना खेळ आपल्या नावावर काही बाकी लिहून ठेवतो की नाही, यात आहे.

एटीकेटी म्हणजे काय, हे आमच्या घरी कोणालाच ठाऊक नव्हते. मी फोनवर अण्णांना एवढेच सांगितले की, एक पेपर राहिला आहे. खेळाचेही सांगितले. मला वाटले, रागावतील.

“राहिलाय म्हणजे परत देता येतो न्हवं?”

“येतो, अण्णा.”

“मग तारीख कवाची?”

मी तारीख सांगितली. त्यांनी ती दोनदा म्हणून घेतली. मागून कोणीतरी हाक मारली.

“रांग हलली बाबा, ठेवतो.”