ऑर्डरच्या नोंदीत काय ठेवावं

चि. सायली,

आंब्याच्या ऑर्डरींसाठी तू मोंगोडीबी हा डेटाबेस घेतलास, ते ठीकच. पण ग्राहक, पत्ते, ऑर्डरी आणि ऑर्डरीतल्या पेट्या अशी चार कलेक्शन्स केलीस, ते टेबलांचं वळण झालं. इथे नोंदीच्या पोटात नोंद बसते, अख्खी यादीही बसते. त्याचा फायदा घे.

ऑर्डर उघडल्यावर तुला काय लागतं? ग्राहकाचं नाव, पत्ता, किती पेट्या, कुठला भाव. हे सगळं त्या एकाच डॉक्युमेंटमध्ये, म्हणजे एकाच नोंदीत, लिही. भाव तर तिथेच हवा. एप्रिलचा भाव मे अखेरीस उतरतो. तू मालाच्या नोंदीतून तो दर वेळी उचललास, तर जुनं बिल नव्या भावाने छापलं जाईल आणि गिऱ्हाइकाला काय सांगशील? पत्त्याचंही तसंच. पेटी जिथे पोचवली तोच पत्ता त्या ऑर्डरीत राहिला पाहिजे, मग ग्राहकाने घर बदललं तरी. एकच गोष्ट दोनदा लिहिलेली तुला खटकेल, खटकू दे. शिवाय एका डॉक्युमेंटवरचं लिखाण एक तर पुरतं होतं, नाहीतर होतच नाही. पेट्या नोंदल्या पण पत्ता राहिला, असं होत नाही.

ग्राहकाच्या नोंदीत मात्र त्याच्या सगळ्या ऑर्डरी कोंबू नकोस. ती यादी दर हंगामात वाढणार. डॉक्युमेंटची कमाल मर्यादा १६ एमबी आहे, पण तिथवर पोचायच्या कितीतरी आधी वाचणं-लिहिणं जड होतं. ऑर्डरीत ग्राहकाचा आयडी ठेव, त्यावर इंडेक्स कर, बस्स.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते. इथे एका ऑर्डरीत 'रेट' आणि दुसरीत 'प्राइस' लिहिलंस तरी डेटाबेस हूं की चूं करणार नाही. बेरजेतून मात्र काही ऑर्डरी गुपचूप गळतील. तारीख अक्षरांत लिहिलीस, तर '१० मे' हे '५ मे'च्या आधी येईल. म्हणून तारीख डेट म्हणून, रक्कम डेसिमल म्हणून साठव, आणि कलेक्शनवर स्कीमा व्हॅलिडेशन लाव. २०१७ पासून जेसन स्कीमाची सोय आहे, तरी बरेच जण ती वापरत नाहीत. तू वापर.

व्हॅलिडेशनचे नियम लिहून झाले की पाठव, आपण एकत्र बसून पाहू.

तुझा,
मामा