सरासरीआड दडलेले गाव : ‘आर’ संगणकभाषेचा परिचय

२०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या लातूरला आणि शेजारच्या नांदेडला पावसाचे आकडे हा केवळ भूगोलाच्या पुस्तकातील विषय नाही. पैसेवारी किती लागली, पीकविम्यासाठी महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न किती धरले गेले, यावर शेतकरी कुटुंबाचे वर्षाचे गणित अवलंबून असते. हे आकडे आपणांस स्वतः तपासता यावेत, म्हणून एका विनामूल्य साधनाचा हा अल्प परिचय.

‘आर’ ही सांख्यिकीय विश्लेषणासाठी व आलेख काढण्यासाठी निर्माण झालेली संगणकभाषा होय. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून ‘एस’ ही भाषा विकसित केली होती. तिच्याच धर्तीवर न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘आर’ रचली. दोघांच्या नावांचे इंग्रजी आद्याक्षर तिला लाभले. १९९५ साली ती मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली झाली. त्यामुळे ती विकत घ्यावी लागत नाही. तिची अंतर्गत रचना कोणासही पाहता, सुधारता व इतरांना देता येते. साध्या संगणकावरही ती चालते.

आता एक छोटा पाठ पाहू. समजा, दोन गावांत पाच आठवड्यांत पुढीलप्रमाणे पाऊस झाला (मिलिमीटरमध्ये) :

पहिले गाव : ४५, ३५, ५०, ३०, ४०
दुसरे गाव : १५०, ५०, ०, ०, ०

हे आकडे संगणकात भरून ‘मीन’ ही आज्ञा दिली, की दोन्ही गावांची सरासरी ४० येते. कागदावर दोन्ही गावे सारखीच. परंतु ‘मीडियन’ ही आज्ञा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडलेल्या आकड्यांपैकी मधला आकडा, सांगते. तो पहिल्या गावात ४०, तर दुसऱ्यात शून्य! ‘एसडी’ ही आज्ञा आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत ते दाखवते : पहिल्या गावात सुमारे ८, दुसऱ्यात सुमारे ६५. शेवटी ‘बारप्लॉट’ म्हणताच पडद्यावर स्तंभ उभे राहतात आणि तीन आठवड्यांची उघडीप डोळ्यांस स्पष्ट दिसते. त्या तीन आठवड्यांत सोयाबीन फुलोऱ्यात असेल, तर सरासरी शेतकऱ्याच्या काय कामाची?

आलेखाचे हे महत्त्व फ्रान्सिस अँस्कोम या सांख्यिकीतज्ज्ञाने १९७३ साली दाखवून दिले. त्याने अकरा-अकरा बिंदूंचे चार संच तयार केले. चारही संचांची सरासरी, विखुरलेपण व परस्परसंबंध जवळजवळ एकच. आलेख मात्र चार तऱ्हांचे. हे संच ‘आर’मध्ये मुळातच समाविष्ट आहेत. विद्यार्थ्यांनी पहिला सराव त्यांच्यावरच करावा.

आकड्यामागील अर्थ शोधण्याची ही दृष्टी आपणांस नवी नाही. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान शेतजमिनींवर प्रबंध लिहिला. केवळ क्षेत्रफळावरून शेती लहान की मोठी हे ठरत नाही. तिच्यासाठी उपलब्ध असलेले भांडवल व श्रम यांच्याशी तिचे प्रमाण पाहावे लागते, असे त्यांनी त्यात आकडेवारीच्या आधारे मांडले. एकटा आकडा पूर्ण सत्य सांगत नाही, हाच तो धडा.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे संगणकक्षेत्रात आहेत, त्यांनी सुट्टीत येऊन शाळेच्या मुलांना या चार आज्ञा शिकवाव्यात. पालकांनी आपल्या गावच्या पावसाची नोंद वहीत ठेवावी. साधन विनामूल्य आहे, नोंद आपल्या हाती आहे. उद्या याच शाळेतील एखादी विद्यार्थिनी आपल्या गावाचा आलेख घेऊन तहसील कार्यालयात उभी राहिली, तर तिचे म्हणणे केवळ गाऱ्हाणे राहणार नाही. ते पुराव्यानिशी केलेले निवेदन ठरेल.