स्पीकर जोडण्याआधी थोडं बोलू

किट जोडून झालं ना? मग आता तुझे हात शिवशिवत असणार. स्पीकरच्या वायरी खोचायच्या, मोबाइल लावायचा आणि घरच्यांना हाक मारायची. समजतं गं मला. पण आज माझं एवढं ऐक, स्पीकर थोडा वेळ बाजूलाच असू दे. आधी तुझा ॲम्प्लिफायर मोजून घे.

तू म्हणशील, कान आहेत की. आहेत, आणि शेवटी त्यांच्यासाठीच हे सगळं चाललंय. पण कान फार लवकर फसतात. दोन ॲम्प्लिफायर शेजारी ठेवले आणि एकाचा आवाज अगदी किंचित मोठा असला, तर तोच सरस वाटतो. शिवाय आपल्या हातांनी डाख दिलेल्या वस्तूवर जीव जडलेला असतो, ती वाईट वाजतेय असं मनाला पटतच नाही. मीटरला असली माया नसते.

दुकानाच्या काउंटरवर तुला कुणीतरी विचारेल, ‘भावासाठी नेतेस का?’ आणि किटच्या पाकिटावर बोट ठेवून सांगेल, शंभर वॅट आहे, काही मोजायची गरज नाही. त्या वेळी वाद घालत बसू नकोस. तुझ्या वहीत तू स्वतः मोजलेला आकडा असला की मान आपोआप ताठ राहते. मला तुझ्यासाठी हेच हवंय.

सुरुवात विजेपासून कर, कारण इथे चुकीला माफी नाही. मेन्सच्या फेजमध्ये एक ६० किंवा १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये घे. एलईडी चालणार नाही, तारेचाच हवा. बटण दाबल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर कपॅसिटर भरले आणि सारं ठीक आहे. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. लगेच बंद कर, कपॅसिटर रिकामे होऊ दे, मगच हात घाल. आणि तुझ्या किटमध्ये टीडीए २०५० आहे ना, त्याची धातूची पाठ ऋण सप्लायला जोडलेली असते. म्हणून हीटसिंक आणि आयसी यांच्यामध्ये अभ्रकाचा तुकडा हवाच, आणि स्क्रूलाही प्लॅस्टिकचा वॉशर हवा. कित्येक नवी किटं इथेच जळतात.

मग इनपुट शॉर्ट करून, आउटपुटवर मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टला लावून बघ. हा डीसी ऑफसेट ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त हो. आकडा व्होल्टमध्ये गेला तर तो डीसी थेट स्पीकरच्या कॉइलमधून वाहील आणि कॉइल जाळेल. सगळ्या मोजमापांत मला हे सर्वांत मोलाचं वाटतं. दोन मिनिटांचं काम आहे आणि हजारो रुपयांचा स्पीकर वाचतो.

आता वॅटकडे येऊ. इथे जरा निवांत बस, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते.

टीडीए २०५०च्या डेटाशीटमध्येच या एका आयसीचे तीन आकडे आहेत. ४ ओहमवर, ±१८ व्होल्टला, अर्धा टक्का डिस्टॉर्शन धरून साधारण २८ वॅट. तेवढ्याच सप्लायवर डिस्टॉर्शन १० टक्के चालेल म्हटलं की ३५. आणि व्होल्टेज वाढवून, जेमतेम एक सेकंदापुरतं ‘म्युझिक पॉवर’ म्हणून मोजलं की ५०. तिन्ही आकडे खरे आहेत, कारण प्रत्येकाशेजारी त्याची अट लिहिलेली आहे. पाकिटावरच्या शंभराला मात्र कसलीच अट नाही. आपल्याकडे कॅसेटप्लेअरवर छापलेले हजार वॅट पीएमपीओ आठवतात ना? तोच हा प्रकार. अमेरिकेत वॅटच्या जाहिराती इतक्या फुगल्या होत्या की १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला नियम करावा लागला: वॅट सांगायचे तर किती ओहमवर, कोणत्या फ्रिक्वेन्सींमध्ये आणि किती डिस्टॉर्शनला, हेही सांगा.

आता तुझं गणित करू. तुझा ट्रान्सफॉर्मर १२-०-१२चा आहे. १२ला १.४१ने गुणलंस की १७ व्होल्ट, डायोडने एक खाल्ला की उरले १६. लोड आल्यावर ते १४-१५वर उतरतात. आयसी स्वतःसाठी दोन-तीन व्होल्ट राखून ठेवतो. म्हणजे लाटेचा माथा पोचणार १२ व्होल्टपर्यंत, आरएमएस साडेआठ. साडेआठचा वर्ग करून स्पीकरच्या ८ ओहमने भाग. ९ वॅट. बाळा, ट्रान्सफॉर्मर घेतलास त्याच क्षणी तुझे वॅट ठरले होते, आयसीवर काहीही छापलेलं असो.

नऊ ऐकून हिरमुसू नकोस. वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट वॅट. घरातल्या खोलीत बरा स्पीकर असेल तर ९ स्वच्छ वॅट भरपूर होतात.

आता हे नऊ कागदावरून खाली आणून मोजायचे. त्यासाठी डमी लोड घे: ८ ओहम, ५० वॅटचा, ॲल्युमिनियमच्या खोळीतला वायरवाऊंड रेझिस्टर. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल. तो जाड पत्र्यावर किंवा हीटसिंकवर घट्ट बसव, कारण चांगलाच तापतो. स्पीकरवर ही परीक्षा घेऊ नकोस, पूर्ण आवाजातली अखंड साइन वेव्ह ट्वीटरचा जीव घेते. आणि हो, या वेळी सिरीज बल्ब काढलेला हवा, नाहीतर सप्लाय गळपटेल आणि आकडा खोटा येईल.

मोबाइलवरच्या टोन जनरेटरने साइन वेव्ह दे. साधे मल्टिमीटर एसीमध्ये ४०० हर्ट्झच्या वर अनेकदा भरवशाचे नसतात, म्हणून १०० किंवा २०० हर्ट्झवर मोज. ऑसिलोस्कोप असेल तर लाटेचा माथा सपाट होताना, म्हणजे क्लिपिंग होताना, दिसतोच. नसेल तर इनपुट आणि आउटपुट दोन्ही मोजत आवाज हळूहळू वाढव. समज गेन ३३ आहे. ०.१ व्होल्टला ३.३ मिळाले, ०.२ला ६.६. पण ०.३ला ९.९ऐवजी ८.९च आले, तर मधेच कुठेतरी क्लिपिंग सुरू झालं. त्या जागेच्या जरा अलीकडचा आकडा हा तुझा खरा आकडा. दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालवून पुन्हा मोज, कारण सप्लाय दोघांत एकच आहे आणि तो आणखी खाली बसेल.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. पुढे कधी टीपीए ३११६सारखं क्लास-डीचं बोर्ड आणलंस, तर त्याच्या आउटपुटच्या दोन्ही टोकांवर सिग्नल असतो, कुठलंच टोक ग्राउंड नसतं. स्कोपची ग्राउंड क्लिप किंवा साउंडकार्डचं ग्राउंड तिथे लावलंस तर आउटपुट शॉर्ट होईल.

डिस्टॉर्शन मोजायला महागडं यंत्र लागत नाही. लाइन-इन असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात मात्र घालू नकोस. आधी इंटरफेसचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून मोज. सोनाराने तराजू आधी रिकामा बघावा, तसं हे आहे. इंटरफेसचं स्वतःचं डिस्टॉर्शन ०.०५ टक्के असेल, तर ॲम्प्लिफायरचं ०.०१ तुला दिसणारच नाही. मग १० किलो आणि १ किलो ओहमचा डिव्हायडर लाव, म्हणजे साडेआठ व्होल्टचे पाऊण होतील आणि इनपुट सुखरूप राहील. १ किलोहर्ट्झची लाट दिलीस की पडद्यावर २, ३, ४ किलोहर्ट्झला लहान-लहान काड्या उभ्या दिसतील. मुख्य काडीच्या ६० डेसिबल खाली म्हणजे ०.१ टक्का, ८० खाली म्हणजे ०.०१.

गुणगुण ऐकू येत असेल तर तीही याच पडद्यावर बघ. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. काडी १०० हर्ट्झला उंच असेल तर संशय रेक्टिफायर आणि फिल्टर कपॅसिटरकडे घे, ५०ला असेल तर ट्रान्सफॉर्मर फार जवळ आहे का किंवा ग्राउंड लूप झालाय का ते पाहा. इनपुट शॉर्ट केल्यावर गुणगुण थांबली तर दोष बाहेरच्या वायरीत आहे, तुझ्या बोर्डात नाही. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवलास तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. साडेआठ व्होल्टच्या सिग्नलपुढे एक मिलिव्होल्ट गुणगुण, म्हणजे सुमारे ७९ डेसिबल. पहिल्या किटला हे फार चांगलं आहे.

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सची फारशी काळजी करू नकोस, असले आयसी २० ते २०,००० हर्ट्झ आरामात सांभाळतात. बास कमी वाटला तरच इनपुटचा कपॅसिटर बघ. २२ किलो ओहमबरोबर ०.१ मायक्रोफॅरड असेल तर ७२ हर्ट्झच्या खाली घसरण होते. तिथे १ मायक्रोफॅरड घाल, ती ७ हर्ट्झवर जाईल.

शेवटी अर्धा तास चालवून उष्णता बघ, तीही पूर्ण आवाजाला नव्हे. या जातीचे ॲम्प्लिफायर सर्वांत जास्त तापतात ते कमाल वॅटच्या साधारण ४० टक्क्यांवर, तेव्हा साडेतीन-चार वॅटला ठेव. बंद करून हीटसिंकला बोट लाव. टेकवून ठेवता आलं नाही तर मोठा हीटसिंक आण.

हे सगळं तारखेसह वहीत लिही, आणि प्रत्येक आकड्याशेजारी किती ओहम, किती हर्ट्झ, एक चॅनेल की दोन, तेही लिही. आज रात्री फक्त बल्ब आणि ऑफसेट एवढंच कर. दोन्ही चॅनेलचे मिलिव्होल्ट मला कळव, मग डमी लोडचं बघू.